वेगाचा अंदाज

मुंबई-आग्रा महामार्गावर नाशिककडून मालेगावकडे एक मोटारसायकलस्वार निघाला आहे, असे समजा. रस्ता मोकळा आहे. वेगाचा काटा ९५ वर आहे. इतक्यात दुभाजकाच्या पलीकडून येणारा एक अनोळखी स्वार आपला दिवा दोन-तीन वेळा चमकवतो आणि हाताने खाली दाबल्यासारखी खूण करतो. आपल्या स्वाराला अर्थ लगेच कळतो. पुढे पोलीस उभे आहेत! तो वेग कमी करतो. काटा ७५ वर येतो. झाडाच्या सावलीत पोलिसांची गाडी दिसते. तो शहाण्या मुलासारखा तिच्यासमोरून जातो. दोन किलोमीटर पुढे गेल्यावर काटा पुन्हा ९५ वर!

या लहानशा प्रसंगात कोणी वाईट माणूस नाही. दिवा चमकवणाऱ्याने एका अनोळखी माणसाला मदतच केली. पण दोघांच्याही मनातला समज एकच आहे. वेगमर्यादा ही रस्त्याची नसून पोलिसाची आहे, असे दोघेही मानतात. पोलीस दिसला की मर्यादा सुरू, पोलीस मागे पडला की मर्यादा संपली.

हा समज फार जुना आहे. इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारींना ताशी २० मैलांची, म्हणजे सुमारे ३२ कि.मी.ची मर्यादा होती. पोलीस झुडपाआड लपून हातातल्या घड्याळावर वेग मोजत असत. या सापळ्यांची खबर मोटारवाल्यांना देण्यासाठी १९०५ साली एक संस्था स्थापन झाली. तिचे नाव ऑटोमोबाइल असोसिएशन. तिची माणसे सायकलवर फिरत आणि पुढे पोलीस असल्याचे सांगत. पुढे न्यायालयाने अशा इशाऱ्यांना अटकाव केला, तेव्हा संस्थेने एक गमतीची युक्ती काढली. तिचा माणूस सभासदाची गाडी दिसली की सलाम करी. सलाम केला नाही, तर समजायचे की पुढे सापळा आहे. सलाम केला नाही म्हणून कोणाला शिक्षा कशी करणार? आपल्या महामार्गावर चमकणारा दिवा हा त्याच न केलेल्या सलामाचा भाऊ म्हणायचा.

आता आपला कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्याकडे मोटार वाहन कायदा १९८८ लागू आहे. त्याच्या आधारे केंद्र सरकारने २०१८ साली कमाल वेग ठरवून दिले. मोटारसायकलीला दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर ताशी ८० कि.मी. आणि शहराच्या हद्दीत ताशी ६० कि.मी. अशी मर्यादा आहे. राज्य सरकार ही मर्यादा कमी करू शकते. म्हणून गावाजवळ, शाळेजवळ किंवा घाटात पाटीवर याहून लहान आकडा दिसतो, तेव्हा पाटीवरचाच आकडा खरा धरायचा. द्रुतगती मार्गासाठीही मोटारसायकलीला ८० चा आकडा दिलेला आहे. पण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि समृद्धी महामार्गावर दुचाकीला प्रवेशच नाही. त्यामुळे तिथे तो आकडा कागदावरच राहतो.

मर्यादा मोडणाऱ्या स्वारांशी बोलून पाहा. ते कायद्याचे शत्रू नसतात. प्रत्येकाजवळ एक कारण असते आणि ते त्याला अगदी पटलेले असते. कोणी म्हणतो, “रस्ता रिकामा होता.” कोणी म्हणतो, “सगळेच तेवढ्या वेगाने जातात.” कोणी म्हणतो, “मागून ट्रक अंगावर येतो. त्याच्या पुढे राहिलेले बरे.” या शेवटच्या बोलण्यात थोडे तथ्य आहे. मोठ्या वाहनांच्या मध्ये हळू चालणाऱ्या दुचाकीला भीती वाटते हे खरेच. पण ट्रकला वाट देणे हा उपायही हाताशी असतो आणि तो बहुधा कमी धोक्याचा असतो.

सर्वांत जास्त ऐकू येणारे कारण मात्र वेगळे आहे. “माझा हात बसलेला आहे. मी कितीही वेगात असलो तरी गाडी आवरू शकतो.” म्हणजे मर्यादा आहे ती शिकाऊ माणसांसाठी, आपल्यासाठी नाही. १९८१ साली ओला स्वेन्सन नावाच्या संशोधकाने अमेरिकेतील आणि स्वीडनमधील विद्यार्थ्यांना विचारले होते, की इतरांच्या मानाने तुम्ही गाडी किती चांगली चालवता? अमेरिकेतील १०० पैकी ९३ जणांनी आपण वरच्या निम्म्या भागात आहोत असे सांगितले. आता वरच्या निम्म्या भागात १०० पैकी ५० च माणसे मावतात. उरलेल्या ४३ जणांचे काय करायचे? ते खोटे बोलत नव्हते. त्यांचा अंदाज चुकला होता.

येथे एका शब्दाकडे तुमचे लक्ष वेधतो. तुमच्या उर्दूत ‘अंदाज’ म्हणजे ढब, शैली, रुबाब. अटकळ बांधायची असेल तर तुम्ही ‘अंदाजा’ म्हणता. मराठीत मात्र अटकळ म्हणजेच ‘अंदाज’. शब्द एकाच घरातला, पण दोन्ही भाषांत अर्थ वेगळा. वेगात जाणाऱ्या तरुण स्वाराकडे पाहिले की वाटते, याचा उर्दूतला अंदाज झकास आहे. मराठीतला अंदाज मात्र साफ चुकतो आहे.

तो कसा चुकतो, हे साध्या हिशेबाने दाखवता येईल. वही-पेन्सिल घ्या.

ताशी ४० कि.मी. म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. ताशी ६० कि.मी. म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. आता असे समजा, की दोन मोटारसायकली शेजारी शेजारी चालल्या आहेत. एकीचा वेग ४० आहे, दुसरीचा ६० आहे. अगदी त्याच क्षणी समोर एक लहान मुलगा चेंडूच्या मागे धावत रस्त्यावर येतो. डोळ्यांनी मुलाला पाहणे, मेंदूने धोका ओळखणे आणि हाताने ब्रेक दाबणे यात साधारण एक सेकंद जातो. हा एक सेकंद कोणालाच चुकत नाही. हात बसलेला असो वा नसो, या सेकंदात गाडी ब्रेकशिवायच धावत असते. पहिली गाडी ११ मीटर पुढे जाते, दुसरी १७ मीटर.

मग ब्रेक लागतात. रस्ता कोरडा डांबरी आहे, टायर चांगले आहेत आणि गाडीचा वेग दर सेकंदाला ५ मीटरने कमी होतो, असे धरू. पहिली गाडी आणखी १२ मीटर जाऊन थांबते. म्हणजे एकूण २३ मीटर. दुसरी गाडी ब्रेक दाबल्यानंतर आणखी २८ मीटर जाते. म्हणजे एकूण ४५ मीटर. वेग दीडपट आणि थांबायला लागणारी जागा जवळजवळ दुप्पट! कारण ब्रेक लागल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट केला, तर ते अंतर चौपट होते. ताशी ८० कि.मी. वेग असेल, तर पहिल्या सेकंदाचे २२ मीटर आणि ब्रेकनंतरचे सुमारे ५० मीटर मिळून ७२ मीटर होतात.

पण या हिशेबातली खरी गोष्ट पुढेच आहे. समजा, तो मुलगा बरोबर २३ मीटरवर उभा आहे. ४० च्या वेगाची गाडी त्याच्यासमोर येऊन थांबते. मुलगा घाबरतो, स्वार ओरडतो, आणि दोघे आपापल्या घरी जातात. ६० च्या वेगाची गाडी त्याच जागी पोहोचते तेव्हा तिचा वेग किती असेल? बहुतेक जण २० असे उत्तर देतात. साठातून चाळीस गेले, उरले वीस. पण हिशेब करून पाहा. तिथे तिचा वेग ताशी ५० कि.मी.हून जास्त असतो. १७ मीटर तर ब्रेकशिवायच गेले. ब्रेक लागून जेमतेम ६ मीटर होतात, तोच मुलगा आला. फक्त २० कि.मी.चा फरक, पण एका मुलाला धक्काही लागत नाही आणि दुसऱ्याच्या अंगावर ५० च्या वेगाने गाडी जाते.

आणि स्वाराचे काय? मोटारीतल्या माणसाभोवती पत्रा असतो, पट्टा असतो. मोटारसायकलस्वाराभोवती काही नसते. ताशी ४० कि.मी. वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे ६ मीटर उंचीवरून, दोन मजल्यांवरून खाली पडणे. ६० चा वेग असेल तर १४ मीटर, म्हणजे साडेचार मजले. ८० चा असेल तर आठ मजले. आठव्या मजल्याच्या कठड्यावर उभे राहून कोणी ‘माझा तोल चांगला आहे’ असे म्हणत नाही. सीटवर बसले की मात्र जमिनीपासून आपण हातभरच उंच आहोत असे वाटते, आणि भीती पळून जाते. हेल्मेट डोके वाचवू शकते आणि ते घातलेच पाहिजे. पण हेल्मेटने वेग कमी होत नाही आणि छाती, बरगड्या, पाय उघडेच राहतात.

बरे, एवढे करून मिळते काय? वेळ. किती वेळ, तेही मोजून पाहू. १० कि.मी. जायचे आहे. ४० च्या वेगाने १५ मिनिटे लागतात. ६० च्या वेगाने १० मिनिटे. ५ मिनिटे वाचली. ६० चे ८० केले तर साडेसात मिनिटे लागतात; आता अडीच मिनिटेच वाचली. ८० चे १०० केले तर फक्त दीड मिनिट. दर वेळी वेग तेवढाच वाढतो, पण वाचणारी वेळ कमी कमी होत जाते. धोका मात्र दर वेळी आधीपेक्षा मोठी उडी घेतो. बाजारात असा सौदा कोणी करणार नाही. शिवाय हा हिशेब रिकाम्या रस्त्याचा आहे. गावात सिग्नल, गतिरोधक, हातगाड्या आणि वळणाऱ्या रिक्षा असतात. तिथे जोरात पुढे गेलेला स्वार पुढच्या सिग्नलला आपल्या शेजारीच उभा असलेला दिसतो.

वेगाची हौस माणसाला असतेच, आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. इंग्लंडच्या रस्त्यांवर शर्यतीला बंदी होती, म्हणून हौशी लोक आइल ऑफ मॅन या बेटावर गेले. तिथे रस्ता बंद करून शर्यत लावता येत असे. १९०७ साली तिथे मोटारसायकलींची पहिली ‘टीटी’ शर्यत झाली. चार्ली कोलियर या विजेत्याचा सरासरी वेग ताशी सुमारे ६१ कि.मी. होता. त्या काळी ही मोठी करामत होती. आज आपल्या गल्लीतला मुलगा दूध आणायला जाताना तेवढा वेग गाठतो. ती शर्यत अजूनही होते. समोरून वाहन येत नाही, स्वार जगातले निवडक असतात, अंगावर कातडी पोशाख असतो. तरीही आजवर त्या रस्त्यावर अडीचशेहून अधिक स्वारांनी प्राण गमावले आहेत. आपल्याकडे चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे शर्यतीसाठी बांधलेला मार्ग आहे. तिथे निदान चेंडूच्या मागे धावणारा मुलगा नसतो.

पुन्हा पोलिसांकडे वळू. स्वारांची एक तक्रार अशी असते, की पोलीस नुसत्या नजरेने वेग ठरवतात आणि पावती फाडतात. पण आपल्या कायद्याचाही नुसत्या नजरेवर विश्वास नाही. एकट्या साक्षीदाराने ‘मला गाडी फार वेगात वाटली’ असे सांगितले, तर तेवढ्यावर कोणालाही दोषी ठरवता येत नाही. त्या सांगण्याला यंत्राचा आधार लागतो, असे कायद्याच्या कलम १८३ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. म्हणून पोलिसांच्या हाती वेग मोजणारे यंत्र आले.

हे यंत्र दोन प्रकारचे असते. रेल्वे शिटी वाजवत जवळ येते तेव्हा आवाज बारीक लागतो आणि पुढे निघून गेली की तो जाड होतो, हे तुम्ही ऐकले असेल. ऑस्ट्रियातील शास्त्रज्ञ डॉप्लर याने १८४२ साली लहरींतील अशा बदलाविषयी आपला सिद्धांत मांडला. रडार यंत्र रेडिओलहरी गाडीवर सोडते, परत आलेल्या लहरीत किती बदल झाला हे पाहते आणि त्यावरून वेग काढते. दुसरे यंत्र लेसरचे. ते प्रकाशाचे ठोके एकामागून एक सोडते. प्रत्येक ठोका गाडीवर आपटून परत यायला किती वेळ लागला, यावरून अंतर कळते. अंतर किती झपाट्याने कमी होते आहे, यावरून वेग कळतो. हे सारे अर्ध्या सेकंदाच्या आत होते. लेसरचा झोत अरुंद असल्याने गर्दीतूनही एकच मोटारसायकल नेमकी टिपता येते.

या यंत्रांच्या इतिहासात एक मजेदार माणूस आहे. मॉरिस गात्सोनिदेस हा हॉलंडचा मोटारशर्यतपटू. १९५३ साली त्याने प्रसिद्ध माँटे कार्लो रॅली जिंकली. वळणावर आपला वेग किती राहतो हे अचूक कळावे आणि तो आणखी वाढवता यावा, म्हणून त्याने वेग मोजण्याचे एक यंत्र बनवले. ते यंत्र पोलिसांना फार आवडले! पुढे त्याच्या कंपनीचे कॅमेरे देशोदेशींच्या रस्त्यांवर बसले. ब्रिटनमध्ये अशा कॅमेऱ्याला लोक अजून ‘गॅट्सो’ म्हणतात.

कॅमेऱ्यालाही लोकांनी बगल दिली. कॅमेऱ्याजवळ ब्रेक, पुढे गेले की पुन्हा जोर. म्हणून काही ठिकाणी आता दोन कॅमेरे बरेच अंतर ठेवून बसवतात. दोन्ही ठिकाणी नंबरप्लेट वाचली जाते आणि मधल्या अंतराला लागलेल्या वेळेवरून सरासरी वेग काढला जातो. अशा रस्त्यावर दिवा चमकवून कोणाची मदत करता येत नाही.

यंत्र खरे बोलले, तरी सगळ्याच तक्रारी खोट्या ठरत नाहीत. कुठे मर्यादेची पाटी फांदीआड असते. कुठे मर्यादा अचानक बदलते आणि नेमके तिथेच पोलीस उभे असतात. उताराच्या पायथ्याशी, जिथे गाडी आपोआप वेग घेते, तिथे यंत्र लावले की माणसाला वाटते, हा गल्ला भरण्याचा धंदा आहे. मुंबईत २०१६ पासून ई-चलान सुरू झाले आणि पुढे ते राज्यभर पसरले. आता दंडाचा निरोप मोबाइलवर येतो. समोरासमोरची हुज्जत टळली. पण चूक नेमकी कुठे झाली हे त्या क्षणी कळत नाही, ही नवी तक्रार आली. मला वाटते, शाळेसमोर आणि अपघाताच्या ठरलेल्या जागी पोलीस उघडपणे, पाटीसकट उभे राहिले, तर लोकांचा राग पुष्कळ कमी होईल. २०१९ साली कायदा बदलला आणि हलक्या वाहनांसाठी अतिवेगाचा दंड १,००० ते २,००० रुपये झाला. दंड वाढला, पण स्वाराच्या मनात ‘पकडले गेलो’ आणि ‘चुकलो’ हे दोन वेगळे विचार आहेत, तोवर नुसत्या रकमेने फार काही होईल असे दिसत नाही.

या रागाच्या दुसऱ्या बाजूला काय आहे, तेही पाहायला हवे. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांत दर शंभरात ४४ हून अधिक जण दुचाकीवर होते. दर शंभरांतील ७१ मृत्यूंपुढे ‘अतिवेग’ हे कारण लिहिलेले आहे. अपघाताच्या कागदावर हे कारण लिहिणे सोपे असते आणि खड्ड्याचा किंवा चुकीच्या वळणाचा दोष कधी कधी त्याखाली झाकला जातो, हे मान्य करू. तरीही खड्डा २३ मीटरवर दिसला, तर ४० चा स्वार वाचतो आणि ६० चा वाचेलच असे नाही.

आता तुमच्यापुरते. तुमच्यापैकी काही जण भाईजानची किंवा अब्बांची गाडी चालवत असतील. गिअरच्या मोटारसायकलीचा परवाना १८ वर्षे पूर्ण झाल्यावर मिळतो. १६ व्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा परवाना मिळू शकतो. २०१९ च्या बदलानंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर त्याच्या पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत शिकाऊ परवाना मिळत नाही. एका फेरीसाठी ही किंमत घरातल्या दुसऱ्याच माणसाला द्यावी लागते.

शेवटी एक काम. मोजपट्टी किंवा दोरी घ्या. शाळेच्या मैदानात एका रेघेवर उभे राहा आणि तिथून २३ मीटर, ४५ मीटर आणि ७२ मीटर अंतरावर चुन्याच्या तीन खुणा करा. प्रत्येक खुणेवर एकेक मुलगा उभा करा. मग रेघेवरून त्या तिघांकडे पाहा. बऱ्याच शाळांच्या मैदानात तिसऱ्या खुणेला जागा पुरत नाही. तसे झाले तर तिसऱ्या मुलाला भिंतीपाशी उभे करा आणि वहीत लिहून ठेवा, की ८० चा स्वार भिंतीच्या आत थांबू शकला नाही.